हप्त्याची फोड

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर. अपघात झाला, गाडी गॅरेजला लागली, की कंपनी मला धाडते. काय मोडलं, काय दुरुस्त होईल, कंपनीने किती द्यायचे, हे मी लिहून देतो. यवतमाळात आर्णी रोड, दारव्हा रोड, पांढरकवड्याला हायवेच्या कडेची गॅरेजं, वणीतली कोळशाच्या धुळीतली, पुसद-उमरखेडकडची, सगळीकडे उभं राहून झालं. गाडीमालकाचा पहिला प्रश्न मात्र सगळीकडे एकच असतो: "साहेब, फुल इन्शुरन्स हाय ना आपला, मंग पैसे कायले कापता?" त्या प्रश्नाची उत्तरं देता देता जे जमत गेलं ते इथे मांडतो. पुढचे मुद्दे मागेपुढे वाचले तरी चालतील, पहिला तेवढा आधी वाचा.

१. हप्त्याची फोड आधी वाचा

पॉलिसीची सगळी पानं कोणी वाचत नाही, आणि वाचा असं मी म्हणणारही नाही. त्यातला एकच तक्ता वाचा. एका बाजूला आपल्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता, म्हणजे ओन डॅमेज, ज्याला सगळे ओडी म्हणतात. दुसऱ्या बाजूला थर्ड पार्टी. थर्ड पार्टीच्या खाली दोन-चार बारीक ओळी: मालक-चालकाचा अपघात विमा, गाडीत बसलेल्यांचा अपघात विमा, पगारी ड्रायव्हर. ओडीच्या खाली झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट वगैरे जादा कव्हर. प्रत्येक ओळीपुढे रुपयांचा आकडा असतो, नाहीतर शून्य असतं.

ज्या ओळीपुढे शून्य आहे, त्या कारणासाठी कंपनी एक रुपया देणार नाही. एजंटने तोंडी काय सांगितलं, शोरूमवाल्याने काय वचन दिलं, याला माझ्या रिपोर्टात रकाना नाही. मी हा तक्ताच उघडतो. मालकाने तो माझ्याआधी उघडलेला असेल तर आमची भेट पंधरा मिनिटांत आटोपते.

२. थर्ड पार्टी ही दुसऱ्यासाठी

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. रस्त्यावर गाडी आणायची तर हा विमा हवाच. नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, पुन्हा सापडलात तर दंड ४,०००. त्यामुळे आपल्याकडे बरेच जण हा विमा पोलिसासाठी काढतात. तो असतो मात्र आपल्या गाडीने ज्याचं नुकसान होईल त्याच्यासाठी. माणूस मेला किंवा अपंग झाला तर न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम कंपनी देते, तिला वरची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांची मर्यादा आहे.

इथे एक बारीक फट आहे. शंभर रुपयांच्या आसपास सूट घेऊन ही साडेसात लाखांची मर्यादा सहा हजारांवर आणता येते. हप्ता कमी दाखवायला कोणी कोणी तसं करूनही देतो. आता आपल्या भागातला कापसाचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. दिवस मावळायच्या सुमाराला बंडी कापूस घेऊन निघालेली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तिला मागून कार धडकली आणि बैल गेला, तर बैल ही मालमत्ता. आजच्या भावात बैल सहा हजारांत येतो का, ते घाटंजीच्या बाजारात विचारून पाहा. वरची सगळी रक्कम कारवाल्याच्या खिशातून.

दुसरं, थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ ला ठरलेले वर्षाचे दर असे: १,००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये, १,५०० सीसीपर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७. जीएसटी वेगळा. सगळ्या कंपन्यांना सारखेच. म्हणून आरटीओच्या बाहेर उभा राहून कोणी मोठ्या कारची थर्ड पार्टी "तेराशेत करून देतो भाऊ" म्हणत असेल, तर तो पॉलिसी देत नाही, कागद देतो. असा कागद अपघातानंतरच उघडा पडतो. मग न्यायाधिकरणाचा सगळा निवाडा मालकाच्या नावावर, आणि वसुली शेतावर.

३. आपल्या गाडीत बसलेले तिसऱ्या पक्षात येत नाहीत

माहूरला देवीच्या दर्शनाला निघालेली गाडी. मालक चालवतोय, शेजारी मेव्हणा, मागे बायका-पोरं. गाडी झाडावर गेली, मेव्हण्याचा पाय मोडला. नुसती थर्ड पार्टी असेल तर मेव्हण्याला कंपनीकडून काही नाही. ओडी आणि थर्ड पार्टी मिळून असलेली, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बालकृष्णन या खटल्यात हाच फरक धरला होता.

जुन्या गाडीला "आता काय करायचं फुल, थर्ड पार्टीच टाका" म्हणताना लोक पत्र्याचा हिशेब करतात. पत्रा दहा वर्षांचा झाला तरी आत बसणारी माणसं तीच असतात. जुन्या गाडीची ओडी सोडायचीच असेल तर निदान प्रवाशांचा अपघात विमा घ्या. पाच आसनी गाडीला माणशी दोन लाखांप्रमाणे त्याचा हप्ता पाचशेच्या आसपास पडतो. गॅरेजवाला त्याहून जास्त नुसत्या पॉलिशचे घेतो.

४. गाडी बापाच्या नावावर, चालवतो पोरगा

यावर जरा थांबतो, कारण जिल्ह्यात हे घरोघरी आहे. कर्ज वडिलांच्या पगारावर मिळालं, किंवा मान म्हणून गाडी वडिलांच्या नावावर घेतली. वडिलांनी आयुष्यात स्टेअरिंगला हात लावलेला नाही, लायसन्सही नाही. गाडी पोरगा चालवतो.

पॉलिसीत "मालक-चालक अपघात विमा, १५ लाख" अशी ओळ असते. २०१८ च्या अखेरीस ही रक्कम १५ लाख झाली, त्याआधी कारला दोन लाख होती. मृत्यू झाला तर पूर्ण रक्कम, दोन हात, दोन पाय किंवा दोन्ही डोळे गेले तरी पूर्ण, एक गेला तर निम्मी. पण अट अशी, की ज्याच्या नावावर आरसी बुक आहे तोच माणूस, आणि त्याच्याकडे वैध लायसन्स हवं. पोरगा मालक नाही. त्याला या ओळीतून काही मिळत नाही. आणि बापाला लायसन्सच नाही, म्हणजे त्याच्यासाठी भरलेला हप्ताही फुकट.

मग थर्ड पार्टीतून मिळेल का? चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर त्या वाहनाच्या विम्यातून मिळेल. पण रोह्याला, म्हणजे नीलगायीला, चुकवताना गाडी आपली आपणच उलटली असेल तर नाही. मालकाची गाडी मागून चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्यामुळे त्याच गाडीच्या विम्याकडे तिसरा पक्ष म्हणून त्याला मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या निंगम्मा आणि २०२० च्या रामखिलाडी निकालांत हेच म्हटलं आहे.

असा एक क्लेम माझ्यासमोर आला होता. गाडीच्या नुकसानीचा रिपोर्ट मी केला, तो पैसाही मिळाला. वडील दारात खुर्चीवर बसले होते. कागद चाळता चाळता त्यांनी विचारलं, "पंधरा लाख लिवले हायेत ना जी इथं, ते कोनाचे?" ओळीवर बोट होतं त्यांचं. ती ओळ त्यांच्याच नावाची होती.

उपाय अवघड नाही. गाडी चालवणाऱ्याच्या नावावर घ्या. ते जमत नसेल तर चालवणाऱ्याचं नाव घालून अपघात विम्याची जादा ओळ पॉलिसीत घालून घ्या, किंवा त्याच्या नावाने वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढा. मालकाने स्वतंत्र काढलेला १५ लाखांचा असा विमा असेल तर गाडीच्या पॉलिसीत पुन्हा तोच हप्ता भरावा लागत नाही, हेही शोरूमवाला आपणहून सांगत नाही.

५. बिल चाळीस हजारांचं, हाती एकतीस

आता त्या "पैसे कायले कापता"चं उत्तर. चौथ्या वर्षात असलेली साधी पेट्रोल कार धरू, समोरून ठोकलेली. बंपर ८,०००, बॉनेट १२,०००, समोरची काच ९,०००, डेंटिंगची मजुरी ५,०००, पेंटिंग ६,०००. बेरीज ४०,०००. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू.

बंपर प्लास्टिकचा. प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी, एअरबॅग यांची निम्मी किंमत कापली जाते, गाडी कालची असो की चार वर्षांची. गेले ४,०००. बॉनेट पत्र्याचं, पत्र्याची घट गाडीच्या वयावर. पहिले सहा महिने शून्य, मग चढत चढत चौथ्या वर्षात २५ टक्के. गेले ३,०००. काचेला घट नाही. मजुरीला घट नाही. पेंटिंगच्या बिलाचा चौथा हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याचे निम्मे कापतात, म्हणजे ७५०. शेवटी दर क्लेममागे मालकाने सोसायचे ठरलेले १,००० (१,५०० सीसीवरच्या गाडीला २,०००). एकूण कपात ८,७५०. हाती ३१,२५०. कूलंट, ऑइल, नटबोल्ट यांचे पैसे साध्या पॉलिसीत मिळत नाहीत, ते आणखी वेगळे.

झिरो डेप, म्हणजे घट न कापण्याचं जादा कव्हर, घेतलेलं असेल तर या हिशेबातले ७,७५० वाचतात, हजार रुपये मात्र तरीही जातात. बऱ्याच कंपन्या ते पाचेक वर्षांच्या गाडीपर्यंतच देतात, आणि वर्षाला दोन क्लेमची मर्यादा घालतात. माझं मत विचाराल तर पहिली पाच वर्षं आपल्या जिल्ह्यात झिरो डेपशिवाय गाडी ठेवू नये. आजकालच्या गाडीचा पुढचा सगळा भाग प्लास्टिकचा आहे, आणि आपल्याकडची डुकरं पुढूनच येतात.

६. पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावू नका

२२ जुलै २०२३ चा पाऊस जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. यवतमाळ शहरात घरात पाणी शिरलं, महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली, हवाई दलाची मदत मागवावी लागली. नंतरचे काही आठवडे मी चिखलाने भरलेल्या गाड्याच पाहत होतो.

पुराने झालेलं नुकसान ओडीत येतं: सीट, कार्पेट, वायरिंग, गाडीचा कॉम्प्युटर. भांडण होतं ते इंजिनवरून. उभ्या गाडीत पाणी शिरलं आणि मालकाने ती टो करून नेली, तर इंजिन खोलून धुऊन चालू होतं. पण पाणी ओसरल्यावर लोक हमखास सेल्फ मारून पाहतात. सिलिंडरमध्ये पाणी असतं, पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीच्या लेखी हे नुकसान पुराचं राहत नाही, गाडी सुरू केल्याचं होतं. इंजिन प्रोटेक्टची ओळ असेल तर मिळतं, नाहीतर नाही.

"म्या सेल्फ मारलाच नाय जी, देवाची आन." मी वाद घालत नाही. इंजिन खोलायला सांगतो. एअर फिल्टर भिजून चिखलाचा गोळा झालेला, आणि चारपैकी एक रॉड धनुकलीसारखा वाकलेला. बंद इंजिनात रॉड वाकत नाही.

पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, हे विम्याआधीचं. २८ सप्टेंबर २०२१ ला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यात नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी वाहून गेली. एसटी गेली तिथे आपल्या कारचं वजन ते काय.

७. रोही असेल तर रोही सांगा

टिपेश्वरच्या आसपास, पांढरकवड्याच्या जंगलपट्ट्यात, उमरखेडकडे पैनगंगेच्या बाजूला रोही आणि रानडुक्कर गाडीवर येणं ही नवलाची गोष्ट नाही. हे अपघातच आहेत आणि ओडीत बसतात. पण वनखात्याचं लचांड मागे लागेल या भीतीने लोक क्लेम फॉर्मवर "डिव्हायडरला धडकली" असं लिहितात. मी वाकून बघतो तर बंपरच्या फटीत करडे केस अडकलेले, रेडिएटरच्या जाळीत रक्त, आणि सांगितलेल्या रस्त्यावर डिव्हायडरच नाही. खोटी हकिगत हे क्लेम नाकारायला कंपनीला मिळालेलं आयतं कारण. जागेवरच चार फोटो काढा, कंपनीच्या नंबरवर तेव्हाच फोन करा, वनखात्याला कळवा, घडलं तसं लिहा.

८. नवी गाडी, दुसरं वर्ष

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते, दुचाकीला पाच वर्षांची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हे आलं. शोरूममधून निघताना मिळते ती पॉलिसी बहुतेक वेळा तीन वर्षं थर्ड पार्टी आणि एकच वर्ष ओडी. कागदावर ठळक तारीख तीन वर्षांपुढची. मालक निर्धास्त. सव्वा वर्षाने गाडी ठोकली जाते आणि तेव्हा कळतं की ओडी गेल्या दसऱ्यालाच संपली. २०१९ च्या सप्टेंबरपासून नुसती ओडी वेगळी मिळते, दुसऱ्या कंपनीकडूनही. दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा.

९. आयडीव्ही उगाच पाडू नका

गाडी चोरीला गेली किंवा चेंदामेंदा झाली तर मिळायची कमाल रक्कम म्हणजे आयडीव्ही. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीवरून निघते, ऑन रोड किमतीवरून नाही, त्यामुळे भरलेला रोड टॅक्स त्यात नसतो. वर्ष संपलं की २० टक्के कमी, मग ३०, ४०, आणि पाचव्या वर्षात ५०. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस. ऑनलाइन घेताना आयडीव्ही खाली ओढली की हप्ता चारपाचशेने उतरतो आणि माणूस खूश होतो. वणी रोडवर कोळशाच्या ट्रकखाली गाडी गेल्यावर तो चारपाचशेचा फायदा पन्नास हजारांना पडतो, आणि बँकेचे हप्ते उरतातच.

१०. विकलेली गाडी, घेतलेली गाडी

शंभराच्या स्टॅम्पवर सौदा, फॉर्म २९-३० वर सह्या, किल्ली दिली, चहा झाला. नाव लावायचं "करून टाकू पुढच्या महिन्यात". एमएच २९ च्या कितीतरी गाड्या तीन हात फिरल्या तरी आरटीओत पहिल्याच मालकाच्या नावावर आहेत.

विकणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, कायद्याने मालक तोच. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मूळ मालकावरच आली. घेणाऱ्याने हे: गाडीबरोबर थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येते, ओडी येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ मध्येच सांगून ठेवलंय. चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्या. आणि एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याची २० पासून ५० टक्क्यांपर्यंतची सूट, ही गाडीची नसते, माणसाची असते. ती विकणाऱ्याबरोबर जाते, त्याच्या पुढच्या गाडीला लागते. जुन्या मालकाची एनसीबी आपल्या नावावर चालू ठेवून वाचवलेले दोन हजार क्लेमच्या वेळी फार महागात पडतात.

११. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने

लग्नसराईत चालतं, मला माहीत आहे. पॉलिसीत चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमलेंदु साहू खटल्यात अशा क्लेमला ७५ टक्के द्यायला लावले, म्हणून अगदी आशा सोडायला नको. पण ते मिळवायला त्या गृहस्थाला दिल्लीपर्यंत जावं लागलं.

१२. नकार आला तर

नकार लेखी घ्या, कोणत्या अटीखाली नाकारलं ते त्यात असलं पाहिजे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, तिथे नाही जमलं तर विमा लोकपाल. लोकपालाकडे फी नाही, वकीलही लागत नाही, कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. नाहीतर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहेच. कुठेही गेलात तरी आधी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, ती मिळायचा तुम्हाला हक्क आहे. रिपोर्ट मी केलेला असला तरी मागा. त्यातली एकेक कपात वरच्या बंपर-बॉनेटच्या हिशेबाशी लावून पाहा, आणि जिथे जुळत नसेल तिथे मला फोन करण्याऐवजी कंपनीला पत्र लिहा.